४८ केबीतले शहर : 'टर्बो एस्प्री'ची गोष्ट

'ग्रँड थेफ्ट ऑटो'मुळे मोटारीतून शहरभर मनसोक्त हिंडण्याचा खेळ जन्मला, असा समज सर्वत्र रूढ आहे. मात्र त्या मालिकेचा पहिला भाग १९९७ चा, आणि त्याच्या ११ वर्षे आधी असे एक शहर कॅसेटच्या फितीवर विकले जात होते.

१९८६ साली ड्युरेल सॉफ्टवेअर या इंग्लिश कंपनीने 'टर्बो एस्प्री' बाजारात आणला. रचनाकार माइक रिचर्डसन. खेळाडूच्या हाती लोटस एस्प्री ही स्पोर्ट्स कार. हेरॉईनची ने-आण करणाऱ्या तस्करांच्या गाड्या शहराबाहेर निसटण्याआधी अडवायच्या. वेलिंग्टन, गेम्सबरो, मिन्स्टर, रॉमफर्ड या चारांपैकी शहर निवडावे आणि हव्या त्या गल्लीत वळावे. ठरावीक शर्यतमार्ग नाही.

खरी नवलाई मात्र वेगात नव्हती. रस्त्यावर सिग्नल होते, एकेरी मार्ग होते, पादचारी होते. इतर गाड्या आपापल्या वाटेने चालत. कोणाला धडक दिली तर गुण कापले जात. नियम पाळणारे शहर आणि त्यात घाईत असलेला एक माणूस, एवढ्या ताणावर सारा खेळ उभा होता. वाहने डाव्या बाजूने चालत, त्यामुळे म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे गाडी हाकणाऱ्याला तिथली शिस्त परकी वाटली नसती. (शिस्त पाळली जाते की नाही, हा प्रश्न वेगळा.)

हे सारे झेडएक्स स्पेक्ट्रमच्या ४८ केबी स्मृतीत बसवले होते. त्यातही ६,९१२ बाइट्स पडद्यावरच्या चित्रालाच लागत. आज मोबाइलवरचे एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी जड असते.

मग 'टर्बो एस्प्री' हा 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पूर्वज ठरतो का? साम्य दिसले की वंशावळ जोडण्याचा मोह होतो; इतिहासात तो आवरावा लागतो. साम्य हा पुरावा नव्हे. एक दुवा मात्र पक्का आहे. स्पेक्ट्रम यंत्रे स्कॉटलंडमधील डंडी शहरात, टायमेक्सच्या कारखान्यात तयार होत. तिथेच काम केलेल्या डेव्हिड जोन्स यांनी पुढे डंडीतच डीएमए डिझाइन ही कंपनी स्थापली आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो' तिथे घडला. कल्पना कोणी कोणाकडून घेतली यापेक्षा स्वस्त यंत्र कोणत्या गावातील मुलांच्या हाती आले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

तोच प्रश्न कोकणाला लावून पाहावा. १९८० च्या दशकात आखाती देशांतून परतणाऱ्यांच्या सामानात टू-इन-वन हमखास असे. रायगडच्या किनारपट्टीवर कॅसेट ही नवलाची वस्तू राहिली नव्हती. स्पेक्ट्रमचे खेळ अशाच साध्या कॅसेटवर येत आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून काही मिनिटांत यंत्रात उतरत. म्हणजे निम्मे साहित्य घरात होते. नव्हता तो संगणक. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पाने बीबीसी मायक्रो संगणक आणले खरे, पण देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांपुरतेच. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्यावर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' भारतात विक्रीस आणला तो नंतर. पुढे ती बाजारपेठही ओसरली.