माहीमच्या वाडीतील न्याहारी

इ. स. १७३९ मध्ये मराठी फौजेने फिरंग्यांच्या अमलातून सोडविलेले आणि पुढे इंग्रजी अमदानीत ठाणे जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण झालेले केळवे-माहीम पानवेलींच्या बागाइतीसाठी विख्यात असले, तरी मला त्याच्या महसुली वैभवाहून त्या वाड्यांतून राबणाऱ्यांची न्याहारी अधिक चिंतनीय वाटते. हातसडीच्या तांदळाची पेज वा नाचणीची भाकरी आणि जोडीला सुकी मासळी, हा उत्तर कोकणातील कष्टकऱ्यांचा जुना आहार होय. पेजेत धान्य थोडे व पाणी विपुल. नाचणीचा दाणा इतका बारीक, की तो कोंड्यासहच दळला जातो. मासळीतील प्रथिनांनी क्षुधा दीर्घकाळ शांत राहते. गिरणीचा पांढरा तांदूळ आणि चहा-पाव यांनी ही व्यवस्था मोडली, याची मला मनस्वी खंत आहे. मेद उतरवू इच्छिणाऱ्याने तीच भाकरी निःशंकपणे स्वीकारावी. मात्र कचेरीत बसणाऱ्याने बागाइतदाराच्या निम्मीच घ्यावी, आणि खारवलेली मासळी नित्य न खाता ताजी घ्यावी.