अँटिबायोटिकला पर्याय: फेज आणि प्रोबायोटिक कोंबडीच्या पोटात नेमकं काय करतात?

अँटिबायोटिक म्हटलं की आपल्याला आजारी माणूस आठवतो. पोल्ट्रीत मात्र हे औषध कित्येक वर्षं ठणठणीत पक्ष्यांनाही दिलं गेलं. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसलं, की खाद्यात थोडं क्लोरटेट्रासायक्लिन मिसळलं तर पिल्लं लवकर वाढतात. मग ही पद्धत जगभर पसरली.

रोज थोडं थोडं औषध दिलं, की कच्चे जीवाणू मरतात आणि औषध पचवणारे उरतात. २०१५ मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा हा धोका सगळ्यांना कळला. कोलिस्टिन हे माणसासाठी जवळजवळ शेवटचं राखून ठेवलेलं औषध, आणि या जनुकामुळे जीवाणू त्यालाच दाद देत नाही. शिवाय ते एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जातं. युरोपीय संघाने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स १ जानेवारी २००६ पासून बंद केली होती. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आणली.

अँटिबायोटिक काढलं की रिकामी झालेली जागा कशाने भरायची, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी ज्या दोन गोष्टींचं नाव सारखं एका दमात घेतलं जातं, त्यांची कामं खरं तर अगदी वेगळी आहेत.

प्रोबायोटिक: आधी येऊन जागा अडवणारे

कोंबडीखाली उबलेल्या पिल्लाला आईच्या विष्ठेतून, मातीतून चांगले जीवाणू पहिल्या दिवसापासून मिळतात. उबवणी यंत्रातून निघालेलं पिल्लू आईला बघतही नाही. त्याचं आतडं म्हणजे मोकळा प्लॉट, जो आधी येईल त्याचा. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला पसरला, तेव्हा एस्को नुर्मी यांनी यावरच बोट ठेवलं. त्यांनी आणि रांटाला यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला माल नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला. पुढे साल्मोनेला दिला, तरी तो या पिल्लांमध्ये फारसा रुजला नाही. हे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण आजच्या पोल्ट्री प्रोबायोटिकमागची एक मोठी कल्पना हीच आहे.

चांगले जीवाणू आतड्याच्या अस्तरावर जागा धरतात, अन्न खाऊन टाकतात, आणि लॅक्टोबॅसिलससारखे काही आम्ल तयार करून रोगजंतूंना नकोसं वातावरण करतात. बॅसिलस जातीचे जीवाणू बीजाणूच्या रूपात असतात, त्यामुळे पेलेट खाद्य बनवतानाची उष्णताही ते बऱ्यापैकी सोसतात. मर्यादा एवढीच, की ही आधीची तटबंदी आहे. आजार बळावल्यावर प्रोबायोटिक देऊन पक्षी वाचवायला जाऊ नये.

फेज: नेमका एकच शत्रू ओळखणारा

बॅक्टेरिओफेज म्हणजे जीवाणूंना गाठणारा विषाणू. तो जीवाणूच्या पृष्ठभागावर चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि आत स्वतःच्या प्रती काढून घेतो. शेवटी जीवाणू फुटतो, नवे फेज बाहेर पडतात. माणसाच्या किंवा कोंबडीच्या पेशीला तो चिकटतच नाही. अँटिबायोटिक चांगले-वाईट सगळेच झोडपतं. फेज मात्र एखाद्या जातीचे, कधी तर त्यातल्याही काही वाणांचेच जीवाणू मारतो.

कल्पना नवी नाही. फेलिक्स द'एरेल यांनी १९१९ मध्ये फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवर फेज वापरून पाहिले होते. पुढे अँटिबायोटिक आलं आणि पाश्चात्त्य देशांत हा विषय मागे पडला. १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ आणि हगिन्स यांनी तो पुन्हा हातात घेतला. उंदरांना ई. कोलायचा जीवघेणा संसर्ग करून त्यांनी फेजचं एकच इंजेक्शन दिलं, आणि ते अनेक अँटिबायोटिक्सच्या वारंवार डोसपेक्षा सरस ठरलं. नंतर वासरं, डुकराची पिल्लं आणि कोकरं यांच्या हगवणीवरही त्यांनी फेज वापरले.

मला त्यांच्या कामातली सगळ्यात रंजक गोष्ट वेगळीच वाटते. जीवाणू फेजलाही प्रतिकार करतातच. पण त्यांचे फेज ई. कोलायच्या के-१ या बाहेरच्या आवरणालाच चिकटणारे होते. फेजपासून सुटायचं तर जीवाणूला ते आवरण टाकावं लागे, आणि त्याविना तो फारसा घातक राहत नसे. प्रतिकार झाला तरी फायदा आपलाच! प्रत्येक फेजबाबत असं होत नाही, म्हणून वेगवेगळ्या फेजचं मिश्रण वापरतात.

फेज निवडतानाही डोळ्यात तेल घालावं लागतं. काही फेज जीवाणूला मारण्याऐवजी त्याच्या डीएनएत मुक्काम ठोकतात, आणि सोबत नको ती जनुकंही आणतात. कॉलऱ्याच्या जीवाणूचं विष अशाच फेजच्या जनुकांतून येतं. असे फेज औषधात चालत नाहीत.

वेळही महत्त्वाची. प्रोबायोटिक पहिल्या दिवसापासून द्यायचं. कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंवर मात्र कत्तलीच्या थोडे दिवस आधी फेज देण्याचा विचार केला जातो, म्हणजे प्रतिकारक जीवाणू वाढायला वेळच मिळत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये लिस्टेरियावरच्या फेजला परवानगी मिळाली, ती तर तयार मांसावर फवारण्यासाठी.

पोल्ट्रीवाल्यांनी खरेदी करताना पाकिटावर जीवाणूचं नाव, वाण, जिवंत संख्या आणि मुदत पाहावी. प्रोबायोटिक पाण्यातून देणार असाल, तर त्या पाण्यात क्लोरीन नको, आणि त्याच वेळी अँटिबायोटिकही चालू नको. दोन्हीही तुम्ही पैसे मोजून आणलेले जीवाणू मारून टाकतात.