समुद्रपक्ष्यांची लोकनावे

समुद्रपक्ष्यांची लोकनावे : समुद्रावर वा किनाऱ्यालगत राहणाऱ्या पक्ष्यांना कोळी, बेटांवरचे रहिवासी आणि पाणथळीकाठचे लोक यांनी दिलेली रूढ नावे. मराठीत किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना अशी सुटसुटीत नावे आहेत. खोल समुद्रावरच्या शिअरवॉटरला मात्र बोलीत रुळलेले नाव नाही. पक्षीनिरीक्षकही त्याला शिअरवॉटरच म्हणतात.

याचे कारण पक्ष्याच्या दिनक्रमात आहे. शिअरवॉटर ताठ, लांब पंखांनी लाटांना जवळजवळ घासून उडतो. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात आणि मिठाच्या ग्रंथी शरीरातले जादा मीठ बाहेर टाकतात, त्यामुळे गोड्या पाण्यासाठीही त्याला जमिनीकडे यावे लागत नाही. तो जमिनीवर येतो तो अंडे घालायला, तेही एकच, आणि बहुधा रात्रीच्या अंधारात. अरबी समुद्रात आढळणाऱ्या पर्शियन शिअरवॉटरचे शास्त्रीय वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७२ मध्ये केले. त्याची वीण ओमानच्या बेटांवर होते, कोकणात नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हे पक्षी आपल्या किनाऱ्याकडे ढकलले जातात, पण नेमक्या त्याच दिवसांत होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी पुन्हा दर्यावर जाणार. नाव ठेवणाराच त्या वेळी घरी असतो.

जिथे शिअरवॉटरची बिळे आहेत, तिथली गोष्ट वेगळी. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावरील एका डोंगराला नॉर्स लोकांनी राक्षसांचा डोंगर अशा अर्थाचे ‘ट्रोलव्हाल’ हे नाव दिले. बिळांतून रात्रभर येणाऱ्या किंकाळ्यांवरून ते पडले असे मानतात. टास्मानियात चरबीदार पिल्ले खाल्ली जात, म्हणून पक्षीच ‘मटनबर्ड’ झाला. न्यूझीलंडच्या माओरींचा ‘तीती’ हाही शिअरवॉटरच, आणि त्याची पिल्ले धरण्याचा त्यांचा परंपरागत हक्क आजही चालू आहे. सर्वांत गमतीची अदलाबदल ‘पफिन’ची. इंग्रजीत हा शब्द आधी मॅन बेटावरच्या शिअरवॉटरच्या खारवलेल्या पिल्लांसाठी होता. पुढे तो रंगीत चोचीच्या निराळ्याच पक्ष्याला चिकटला. शास्त्रीय नावात मात्र शिअरवॉटरची एक प्रजाती अजून ‘पफिनस’च आहे.

कोकणात पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाला काकण म्हणतात. किनाऱ्यावरच्या उंच झाडावर काटक्यांचे भलेथोरले घरटे करून तो वर्षानुवर्षे तेच डागडुजी करून वापरतो. गावाला तो ठाऊक नसला तरच नवल. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी जी. डब्ल्यू. विडाल यांनी १८८० मध्ये ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. मराठी नावांच्या संग्रहाचे मोठे काम पुढे मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोशा’त केले.

घाटावरच्या नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणपक्ष्यांची वाण नाही. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. इथल्या नावांमागची नजर घरातली आणि देवळातली. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी दोन लाल ठिपके, म्हणून ते बदक हळदी-कुंकू. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा, म्हणून तो पक्षी नाम्या, किंवा थेट वारकरी! कुदळ्या, चमचा, शेकाट्या या नावांची फोड करून सांगावी लागत नाही. पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा तर घाटाच्या दोन्ही बाजूंना त्याच नावाने ओळखला जातो.

कुरव आणि सुरय ही समुद्राशी जोडलेली नावेही इथे ऐकू येतात. नदी सुरय तर नावाप्रमाणे गोड्या पाण्यावरचाच. तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतो आणि थंडीत मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर उतरतो. त्यातले काही थवे वाटेतल्या धरणांवरच मुक्काम टाकतात.