डाव बदलावा कीं बदलूं नये?

गेल्या दिवाळींत वऱ्हाडांत, वाशीम जिल्ह्यांतील इंझोरी या गांवीं, एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही चार दिवस राहिलों होतों. रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे ओसरीवर सतरंजी अंथरावी, मध्यें चिंचोक्यांची रास ओतावी आणि घरांतील लहानथोरांनीं तीन पत्ती खेळावी, असा त्या घरचा जुना परिपाठ. या खेपेस पुण्यास शिकणाऱ्या नातवानें पांच पानांच्या पोकरचा आग्रह धरला व आबांनींही तो कौतुकानें मान्य केला. तिसऱ्याच डावांत तंटा उपस्थित झाला. आबांनीं क्रमवार पांच पानें, म्हणजे सिक्वेन्स, खालीं मांडून चिंचोक्यांकडे हात नेला, तोंच नातवानें बदामाचीं पांच पानें पसरलीं आणि म्हटलें, "आबा, थांबा, कलर मोठा आहे." आबा म्हणाले, "साठ वर्षं झाली खेळून रायलो मी. सिक्वेन्सपुढं कलर कधी मोठा झाला रे बाप्पा?" अखेर न्याय आमच्याकडे आला.

पाहतां दोघांचेंही म्हणणें खरें होतें. ५२ पानांतून तीन पानें निवडण्याचे प्रकार २२,१००. त्यांत एक्का-दुर्री-तिर्री धरून साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. म्हणजे तेथें सिक्वेन्स दुर्मिळ, म्हणून तो श्रेष्ठ. पांच पानें घेतलीं कीं एकूण प्रकार २५,९८,९६० होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर अवघे ५,१०८. दुर्मिळता पालटली, तशी प्रतिष्ठाही पालटली. साठ वर्षांचा अनुभव खोटा नव्हता. तो दुसऱ्या खेळाचा होता, इतकेंच.

खेळ बदलण्याचा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पण त्याचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, नवा नियम शिकणें सोपें, जुना विसरणें कठीण. आणि ज्या पिढीस तो विसरतां येत नाहीं, ती हळूहळू सतरंजीवरून उठून जाते.

पोकरचेंच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत, मिसिसिपी नदीच्या परिसरांत, हा खेळ २० पानांनीं चौघे खेळत. प्रत्येकास पांच पानें मिळत व जोड संपे. पुढें ५२ पानें आलीं, पानें बदलून घेण्याची रीत आली, कांहीं पानें उघडीं वांटण्याची रीत आली. विसाव्या शतकांत टेक्सास होल्डेम व त्यामागून ओमाहा प्रसिद्धीस आले. होल्डेममध्यें हातीं दोन पानें, ओमाहांत चार. दोन पानांचे प्रकार १,३२६, चारांचे २,७०,७२५. परंतु खरा धोका या संख्येंत नाहीं. ओमाहांत हातचीं नेमकीं दोनच पानें धरावीं लागतात. मध्यें एका रंगाचीं चार पानें उघडीं पडलीं आणि हातांत त्या रंगाचा एकटा एक्का असला, तर होल्डेममध्यें तो उत्तम कलर. ओमाहांत तो कलरच नव्हे. अशा वेळीं सराईत माणूसच फसतो, कारण त्याची संवय त्याच्या बुद्धीच्या आधीं बोलते.

ब्रिजमध्यें हेंच घडलें. ऑक्शन ब्रिजमध्यें बोली लहान बोलून हात अधिक केले, तरी त्या अधिक हातांचे गुण गेमकडे जमा होत. १९२५ च्या अखेरीस लॉस एंजलिसहून पनामा कालव्यांतून हॅवानाकडे जाणाऱ्या 'फिनलंड' जहाजावर हॅरल्ड व्हँडरबिल्ट यानें नवी गुणपद्धति खेळून पाहिली: जितकें बोललें तितकेंच गेमकडे धरावयाचें. पत्ते तेच, चौघेही तेच. पण सावध बोलणारा कालचा शहाणा आज मागें पडूं लागला. थोड्याच वर्षांत कॉन्ट्रॅक्ट ब्रिजनें जुन्या ब्रिजची जागा घेतली.

आपल्याकडील गंजिफ्याचा इतिहास याहून बोधप्रद आहे. १५२७ सालीं बाबरानें सिंधमध्यें शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. अकबराच्या दरबारांतील बारा रंगांच्या पानांचें वर्णन अबुल फजलनें केलें आहे. पुढें रूढ झालेल्या जोडांत आठ रंगांचीं ९६ पानें असत. तोच खेळ सावंतवाडीस दशावतारी झाला, तेव्हां मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि १२० पानें झालीं. हा बदल मोठा खरा. पण तो करणाऱ्यांनीं जुन्या खेळाडूचें ज्ञान फुकट जाऊं दिलें नाहीं. पूर्वीं निम्म्या रंगांत दश्शी मोठी व निम्म्यांत एक्का मोठा असे. ती उलटसुलट रीत दहा रंगांतही पांच-पांच अशी राखली. पूर्वीं दिवसा सूर्याच्या तांबड्या रंगानें व रात्रीं चंद्राच्या पांढऱ्या रंगानें उतारी होई. आतां दिवसा रामानें व रात्रीं कृष्णानें होऊं लागली. राजा आणि प्रधान आपल्या जागीं राहिले. हुकमाचा रंग तेव्हांही नव्हता, पुढेंही नव्हता. गेलेलीं पानें ध्यानांत ठेवणें हेंच कौशल्य होतें. जुना खेळाडू नव्या डावास बसला तरी अडाणी ठरत नसे.

यानंतरचा बदल मात्र तसा नव्हता. हातानें रंगवून लाखेचें रोगण दिलेल्या गोल पानांसमोर स्वस्त, छापील ५२ पानें आलीं. कोणीं गंजिफा सोडण्याचा ठराव केला नाहीं. एकेका घरांतून तिसरा भिडू नाहींसा झाला. १९७० नंतरच्या दशकांत सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनीं ही चित्रकला पुन्हां उभी केली, हे त्यांचे थोर उपकार होत. आज तीं पानें भेट म्हणून दिलीं जातात, चौकटींत लावलीं जातात. पण तीं हातांत धरून रामाची उतारी करणारा विरळा. पत्ते वांचले, डाव गेला.

पैसे लावून खेळण्याविषयीं हा लेख नाहीं. १८८७ च्या मुंबईच्या जुगार प्रतिबंधक कायद्यापासून ऑनलाइन पैशांच्या खेळांस मनाई करणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंत सरकारनें त्याविषयीं आपलें मत सांगितलेंच आहे. आम्हांस चिंता आहे ती चिंचोक्यांच्या खेळाची, कारण तेथें तीन पिढ्या एकत्र बसतात. डाव बदलावा, न बदलणारे खेळही मरतात. पण बदलतांना जुन्या माणसाचें कोणतें ज्ञान कामास येईल आणि कोणतें त्यास अडवील, हें त्यास आधीं सांगावें, आणि तें विसरण्यास त्यास सवड द्यावी.

इंझोरीस आम्हीं निवाडा दिला कीं, चिंचोके नातवाचे. मात्र पोकरची श्रेष्ठकनिष्ठतेची यादी कागदावर लिहून आबांसमोर ठेवावी आणि रोजचे पहिले दहा डाव तीन पत्तीचे व्हावे. नातवानें यादी मोठ्या अक्षरांत लिहिली. आबांनीं चष्मा लावून ती दोनदां वाचली, घडी करून खिशांत ठेवली, आणि पत्ते पिसावयास घेतले.