लक्ष्मी बँकेचा धडा

वऱ्हाडचा आर्थिक इतिहास म्हणजे कापसाच्या भावाचा इतिहास, असे आपण समजतो. आणि ते बरेचसे खरेही आहे. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी मुंबईत वायद्यांची मुदत भरली तेव्हा कित्येक पेढ्या बुडाल्या, आणि १८६८ मध्ये खुद्द बँक ऑफ बाँबेलाही गाशा गुंडाळावा लागला. एकाच मालावर सर्वांनी भिस्त ठेवली की सर्वच एकदम अडचणीत येतात, हा त्यातला बोध. परंतु याहून जवळचा एक धडा अकोल्यानेच दिलेला आहे, आणि त्याचा आम्हां वऱ्हाडकरांना विसर पडला आहे.

१९४९ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेला प्रत्येक बँकेचे दप्तर तपासण्याचा अधिकार मिळाला होता. तरीही १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळातील पालई सेंट्रल बँकही बंद झाली, आणि तेथील इतर बँकांच्या दारांशी ठेवीदारांची रीघ लागली. असे का व्हावे? बँक आपल्या ठेवी तिजोरीत ठेवून बसत नाही; त्या कर्जाऊ दिलेल्या असतात. सर्वांनी एकाच दिवशी मागणी केली, तर धडधाकट बँकसुद्धा ती पुरवू शकत नाही. आपले पैसे आधी काढून घेणे हे एकेकट्याचे शहाणपण खरे. पण सर्वांनी तेच केले की सर्वांचेच नुकसान होते. म्हणजे एकेका बँकेचे दप्तर तपासणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागत नाही.

ही गोष्ट ध्यानी आल्यावर दोन उपाय झाले. १९६० मध्येच कायदा दुरुस्त होऊन दुबळ्या बँकांचे सबळ बँकांत सक्तीने विलीनीकरण करण्याची सोय झाली. दुसरा उपाय ठेवविम्याचा. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळाने दर ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत हमी दिली. त्यासाठी बँकांनी शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला ५ पैसे हप्ता भरायचा होता. २०२० पासून ही हमी ५ लाखांची आहे.

येथे कोणी विचारील की, चोख कारभार करणाऱ्या बँकेने इतरांसाठी हप्ता का भरावा? जिनाच्या आवारात कापसाच्या एका गंजीला आग लागली, तर शेजारच्या गंजीचा धनी 'माझी निराळी' म्हणून स्वस्थ बसतो काय? त्याचेही हित ती आग विझण्यातच असते.

२००८ च्या जागतिक अरिष्टाने मोठमोठ्या राष्ट्रांना हेच शिकविले. त्यानंतर २०१० मध्ये भारतात वित्तीय स्थैर्य व विकास परिषद स्थापन झाली. बँका, विमा, शेअरबाजार यांच्यावर देखरेख करणाऱ्या निरनिराळ्या यंत्रणांनी एकत्र बसून सगळ्या व्यवस्थेकडे पाहावे, हा तिचा उद्देश. तथापि हमीला मर्यादा असते, आणि परिषदेचे डोळे सर्वत्र पोचतातच असे नाही. म्हणून ज्या संस्थेत आपण ठेव ठेवतो तिने कर्जे कोणाला दिली आहेत, ती सर्व एकाच पिकावर अथवा एकाच धंद्यावर तर विसंबून नाहीत ना, हे वार्षिक सभेत उठून विचारण्याची सवय अमरावती-अकोल्याच्या नागरिकांनी अंगी बाणवली पाहिजे.