ऑनलाइन दूरशिक्षण : प्रवेशापासून पदवीपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. आज इग्नू आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे ही सोय घरापर्यंत आली आहे. मात्र प्रवेश घेऊन मध्येच सोडणारेही पुष्कळ आहेत.

प्रवेशापूर्वी : विद्यापीठ आणि नेमका तोच अभ्यासक्रम यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः तपासावे. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नयेत. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते.

स्वाध्याय : बहुतेक विद्यार्थी इथेच अडकतात. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के भार असतो. शेवटच्या तारखेची वाट न पाहता एकेक विषय लिहून संपवावा. जमा केल्याची पावती जपून ठेवावी.

साधने : इग्नूची पुस्तके ई-ज्ञानकोशावर मोफत मिळतात. ‘स्वयम्’वरील पाठही मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क पडते. डेटा कमी असेल तर पुस्तके एकदाच डाउनलोड करून घ्यावीत.

वेळ आणि जागा : रोजचा एक तास ठरवावा आणि तो घरच्यांना सांगावा. घरातल्या मुलीला किंवा सुनेला तो तास मिळवून देणे ही कुटुंबाची जबाबदारी आहे. एका खोलीच्या घरात जागा नसेल, तर वंदनेनंतर विहार अभ्यासासाठी उघडा ठेवता येईल. चार जण एकत्र बसले की अभ्यास सुटत नाही.