शिरूर, दौंड आणि पुण्याचें पाणी

शहरांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण शहराच्या खालच्या अंगास नदीकांठीं वसलेल्या गांवांकडे इतिहासकारांची दृष्टि क्वचितच वळते. पुण्याच्या पाण्याची गोष्ट निघाली म्हणजे खडकवासल्याचें धरण, पानशेतचा प्रलय आणि नळाची टंचाई एवढ्यापाशीं चर्चा थांबते. तें पाणी मूळ कोणाकोणासाठीं अडविलें होतें, आणि पुण्यांतून बाहेर पडल्यावर तें कोणाच्या दारीं जातें, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. या प्रश्नांचीं उत्तरें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, शिरूर व दौंड या तालुक्यांत मिळतात. म्हणून त्यांच्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम हीं दोन गांवें कशीं वाढलीं तें पाहूं. घोडनदीच्या कांठचें शिरूर नांवारूपास आलें तें इंग्रजांच्या छावणीनें. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या मुलखांत तैनाती फौज आली आणि पुढें तिचें एक मोठें ठाणें शिरूरास पडलें. कर्नल विल्यम वॉलेस याचें दफन १८०९ मध्यें तेथेंच झालें. गांवकरी त्याच्या थडग्यास ‘सत्पुरुष’ म्हणून भजत व सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरांत आहे. १८१७ च्या ३१ डिसेंबरास कॅप्टन स्टाँटन जी पलटण घेऊन निघाला व दुसऱ्या दिवशीं कोरेगांवास लढला, ती शिरूरच्याच छावणींतली.

दौंडाची गोष्ट निराळी. भीमेच्या कांठचें हें गांव आगगाडीनें वाढविलें. पुण्याहून पूर्वेकडे निघालेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस दौंडावरून डिकसळपर्यंत पोंचला, आणि १८७८ मध्यें मनमाडचा फांटा सुरू होऊन दौंडाचें जंक्शन झालें. नगरकडे जाणारी गाडी शिरूरवरून न जातां दौंडावरून गेली. त्यामुळें शिरूर सडकेवरचें गांव राहिलें. छावणी कोठें असावी हें लष्करानें ठरविलें, रूळ कोठून जावे हें रेल्वेनें. गांवकऱ्यांच्या सोयीचा विचार दोन्ही वेळां मागाहून आला.

पाण्याची कथाही याच वळणाची आहे. सह्याद्रीपासून दूर असलेला हा मुलूख पर्जन्यछायेंतला. दौंडचा बराचसा भाग पूर्वीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. भीमथडीचीं तट्टें मराठ्यांच्या घोडदळांत नांवाजलेलीं होतीं, पण शेतीला आधार पावसाचा, आणि पावसाचा भरंवसा नाहीं. याच तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं कर्जबाजारी कुणब्यांनीं सावकारांविरुद्ध पहिला दंगा केला. शिरूरकडील गांवांतही त्याचे लोण पोंचलें. पुढच्याच वर्षीं १८७६–७८ चा भयंकर दुष्काळ पडला. मातोबा व शिरसुफळ हे भीमथडींतील तलाव त्या दुष्काळांतील मजुरीवर उभे राहिले.

फाइफ या लष्करी एंजिनियरानें आंखलेलें खडकवासल्याचें धरण १८८० च्या सुमारास पुरें झालें. त्याचे हेतु दोन होते: पुणें शहर व तेथील छावण्या यांस पिण्याचें पाणी देणें, आणि पूर्वेकडील कोरड्या मुलखास पाट पुरविणें. उजवा कालवा हवेलींतून पाटसच्या बाजूस नेला, तो या दुसऱ्या हेतूनेंच. म्हणजे दौंडचा शेतकरी या पाण्याचा मागाहून आलेला याचक नव्हे. धरणाच्या आराखड्यांतच त्याचें नांव होतें.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेत व खडकवासला हीं दोन्ही धरणें फुटलीं. तीं पुन्हां बांधलीं, वरच्या अंगास वरसगांव व टेमघर हीं धरणें झालीं, आणि नवा कालवा दौंडवरून इंदापूरपर्यंत गेला. परंतु त्याच काळांत शहरही वाढलें, आणि पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम या न्याय्य तत्त्वाच्या आधारें त्याचा वांटा वाढत गेला. आज दौंड गांव भीमेच्या कांठीं असूनही पिण्याच्या पाण्यासाठीं खडकवासल्याच्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतें.

इकडे पुण्याचें वापरलेलें पाणी मुळा-मुठेंतून खालीं येतें. १७७२ मध्यें थोरल्या माधवरावांनीं ज्या थेऊरास देह ठेवला, त्या थेऊरावरून ही नदी वाहत येऊन शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडसजवळ भीमेस मिळते, आणि शहराचा मळ व जलपर्णी घेऊन दौंडावरून उजनीच्या जलाशयांत शिरते. मुंढवें येथून शुद्ध केलेलें सांडपाणी जुन्या कालव्यांत सोडण्याची योजना झाली. तिची कसोटी तें पाणी कितपत शुद्ध असतें यावरच आहे. त्यांत स्थानिक भर पडते ती वेगळीच. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांविषयीं आसपासच्या गांवांची तक्रार जुनी आहे. आणि शहराच्या इमारतींसाठीं भीमा व घोड यांच्या पात्रांतून वाळू उपसली गेली, त्याबरोबर कांठच्या विहिरींना झिरपा देणारा थरही गेला.

येथें पुण्यासच सारा दोष देणें अन्यायाचें होईल. दुष्काळनिवारणासाठीं आणलेल्या कालव्यावर ऊंस कोणी लावला? पाटसचा भीमा व न्हावऱ्याचा घोडगंगा हे साखर कारखाने याच तालुक्यांतले आहेत, आणि कालव्याच्या शेवटच्या टोंकाचा शेतकरी वरच्या उंसवाल्याविषयीं जें बोलतो, तें दौंडकर पुण्याविषयीं बोलतात त्याहून फार निराळें नाहीं. रांजणगांव, सणसवाडीच्या कारखान्यांनीं शिरूरच्या तरुणांस काम दिलें, हेंही खरें.

दोष आमच्या मतें मुख्यतः आंखणीच्या दृष्टीचा आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याची नजर शहरापुरतीच होती. १९६६ च्या महाराष्ट्र कायद्यानें ‘प्रदेश’ ही कल्पना मान्य केली. २०१५ मध्यें पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन होऊन शिरूर व दौंड तालुक्यांचा कांहीं भाग त्याच्या हद्दींत आला. पण रस्ता व घरें कोठवर पसरतील यावरून आंखलेली हद्द नदीला ठाऊक नसते. मुळा-मुठेच्या उगमापासून उजनीपर्यंतचें खोरें एक मानून जो हिशेब होईल, त्यांतच शहराचें देणें आणि गांवांचें येणें स्पष्ट दिसेल.

शेजारणीकडून आणलेलें भांडें घासूनपुसून परत द्यावें, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून हेंच सांगत आला. तथापि त्याची अंमलबजावणी शहराच्या वेशीबाहेरच्या माणसाच्या नजरेनें कधीं तपासली गेली नाहीं. पुण्याची नवी विकासयोजना जेव्हां जेव्हां लोकांपुढें येईल, तेव्हां पुणेंकर वाचकांनीं तींत आपल्या पेठेंतील रस्त्याची रुंदी पाहावीच. परंतु रांजणगांव सांडसच्या संगमावर पाणी कसें पोंचेल, याचा आंकडा त्या योजनेंत आहे कीं नाहीं, हेंही विचारावें. दीडशें वर्षांपूर्वीं जें पाणी दोघांसाठीं मिळून अडविलें, त्याबद्दल एवढी विचारपूस करणें हें पहिल्या वांटेकऱ्याचें कर्तव्यच आहे.